हँडल मारताना हात मोडायचे, त्यावर बटण शोधणारा माणूस : चार्ल्स केटरिंग

प्रवरेकाठच्या बेलापूर-श्रीरामपूर पट्ट्यात ऊस वाढला तो पाण्यावर, आणि ते पाणी विहिरीतून वर काढायला वीज येण्याआधी होतं डिझेलवर चालणारं ऑइल इंजिन. ज्यांनी ते चालवलंय त्यांना हँडल मारणं म्हणजे काय हे वेगळं सांगायला नको. वरचा खटका उघडा ठेवायचा, हँडल लावून जड चाक फिरवायचं, चाकाला वेग आला की खटका सोडायचा. इंजिन धडधडलं की हँडल ताबडतोब काढायचं. ते अडकून राहिलं तर इंजिनाबरोबर गरागरा फिरतं आणि समोरच्याचा हात किंवा जबडा मोडतं.

शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी जगातल्या बहुतेक मोटारगाड्या याच पद्धतीने सुरू व्हायच्या. आज आपण किल्ली फिरवतो किंवा बटण दाबतो आणि गाडी सुरू होते. हा बदल ज्याच्यामुळे घडला त्याचं नाव चार्ल्स केटरिंग. गंमत म्हणजे, माणसाशिवाय उडणारं इंजिनाचं विमान बनवणाऱ्या सुरुवातीच्या लोकांमध्येही याच माणसाचं नाव येतं.

शेतकऱ्याचा मुलगा, डोळे अधू

चार्ल्स केटरिंगचा जन्म 29 ऑगस्ट 1876 रोजी अमेरिकेतल्या ओहायो राज्यात, लाउडनव्हिल गावाजवळच्या एका शेतावर झाला. मुलगा हुशार, पण डोळे कमजोर. जास्त वाचलं की डोकं ठणकायचं. काही काळ त्याने शाळेत मास्तरकी केली, मग ओहायो स्टेट युनिव्हर्सिटीत इंजिनिअरिंगला प्रवेश घेतला. डोळ्यांनी तिथेही साथ दिली नाही आणि शिक्षण अर्धवट सोडावं लागलं.

मग तो टेलिफोनच्या तारा टाकणाऱ्या टोळीत कामाला लागला. खड्डे खणणं, खांब उभे करणं, तारा ओढणं. या उघड्यावरच्या कामाने तब्येत सुधारली आणि विजेचं काम हाताखालून गेलं. तो पुन्हा कॉलेजात गेला आणि 1904 मध्ये, वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी, इलेक्ट्रिकल इंजिनिअर होऊन बाहेर पडला. बरोबरीच्या मुलांपेक्षा काही वर्षं उशिरा, पण हाताला काम माहीत असलेला.

दुकानातल्या गल्ल्याने शिकवलेली गोष्ट

पहिली मोठी नोकरी मिळाली डेटन शहरातल्या नॅशनल कॅश रजिस्टर कंपनीत. दुकानाच्या गल्ल्यावर ठेवायचं हिशेबाचं यंत्र ही कंपनी बनवायची. ते हाताने दांडी फिरवून चालायचं. केटरिंगला सांगितलं गेलं, याला विजेवर चालवून दाखव.

अडचण अशी होती की यंत्राचा खण उघडायला जोर बराच लागतो, आणि तेवढ्या जोराची मोटर गल्ल्यापेक्षा मोठी होते. केटरिंगने वेगळा विचार केला. ही मोटर दिवसभर थोडीच चालणार आहे? तिला एक-दोन क्षण जोर लावायचा आहे आणि मग थांबायचं आहे. लहान मोटरला तिच्या ताकदीच्या पलीकडचं काम दिलं तर ती तापते, पण तापायला वेळ लागतो. तेवढ्यात काम उरकलं तर मोटर शाबूत राहते. या हिशेबाने त्याने लहान मोटर बसवली आणि यंत्र चाललं.

याच कंपनीतल्या एडवर्ड डीड्स या अधिकाऱ्याशी त्याची मैत्री जमली. डीड्सच्या घरामागे एक गोठेवजा कोठार होतं. नोकरीनंतरच्या रात्री आणि सुट्टीचे दिवस तिथे जाऊ लागले. सोबत कंपनीतलेच काही कारागीर. या कोठारातून मोटारींसाठी ठिणगी पाडणारी सुधारित यंत्रणा तयार झाली, कॅडिलॅक कंपनीने ती घेतली आणि 1909 मध्ये डेल्को ही कंपनी उभी राहिली.

हँडल उलटं का फिरायचं?

पेट्रोल इंजिनात दट्ट्या वर येऊन हवा आणि पेट्रोलचं मिश्रण दाबतो, मग ठिणगी पडते आणि स्फोटाने दट्ट्या खाली ढकलला जातो. पेट घ्यायला थोडा वेळ लागतो, म्हणून इंजिन वेगात असताना ठिणगी दट्ट्या पूर्ण वर पोचायच्या जरा आधीच पाडावी लागते.

पण हाताने हँडल मारताना वेग अगदी कमी असतो. तेव्हाही ठिणगी तशीच लवकर पडली तर दट्ट्या वर पोचण्याआधीच स्फोट होतो, इंजिन उलटं फिरतं आणि हँडल माणसाच्या हातात उलट उसळी मारतं. त्यामुळे गाडी सुरू करण्यापूर्वी स्टिअरिंगजवळची दांडी सरकवून ठिणगी उशिरा पडेल असं करावं लागे. घाईत किंवा थंडीत हे विसरलं की मनगट गेलंच म्हणून समजा. जाणकार माणसं अंगठा हँडलभोवती गुंडाळत नसत, तो बोटांच्याच बाजूला ठेवत आणि हँडल खाली दाबण्याऐवजी वर ओढत. उसळी बसली तर निदान हात सुटावा म्हणून.

बायरन कार्टर नावाच्या मोटार कारखानदाराची गोष्ट या संदर्भात नेहमी सांगितली जाते. डेट्रॉईटमधल्या एका पुलावर बंद पडलेली एका बाईची गाडी सुरू करायला तो थांबला, हँडल उसळून जबड्यावर बसलं आणि पुढे त्यातच तो गेला. कॅडिलॅकचे प्रमुख हेन्री लेलंड यांचा तो स्नेही. त्यामुळे लेलंड हळहळले आणि हँडलच काढून टाकायचं ठरवलं. गोष्टीच्या तारखा नीट जुळत नाहीत. ती 1910 च्या हिवाळ्यातली म्हणून सांगतात, पण कार्टर 1908 मध्येच वारला होता. मात्र हँडलमुळे हात आणि मनगटं मोडणं तेव्हा इतकं नेहमीचं होतं की लेलंड यांना हा प्रश्न सोडवायचा होता, यात शंका नाही. काम आलं केटरिंगकडे.

चार कामं करणारी एकच यंत्रणा

विजेच्या मोटरने इंजिन फिरवायची कल्पना नवी नव्हती. पण जाणकारांचं म्हणणं असं की त्यासाठी लागणारी मोटर आणि बॅटरी गाडीत मावणारच नाही. केटरिंगला गल्ल्याचं यंत्र आठवलं. इंजिनही काही क्षणच फिरवायचं आहे. एकदा ते पेटलं की मोटरचं काम संपलं.

त्याने आणखी एक पाऊल पुढे टाकलं. इंजिन सुरू झालं की तीच मोटर उलट इंजिनाकडून फिरायची आणि वीज तयार करून बॅटरी भरायची. त्याच विजेवर गाडीचे दिवे लागायचे आणि ठिणगीही पडायची. सुरू करणं, बॅटरी भरणं, उजेड आणि ठिणगी ही चार कामं एका जोडणीत आली. फेब्रुवारी 1911 मध्ये यंत्रणा कॅडिलॅकच्या गाडीत बसवून दाखवली गेली आणि 1912 च्या गाड्यांत ती बाजारात आली.

परिणाम मोठा झाला. तोवर गाडी चालवायला दंडात ताकद हवी होती. आता ती अट गेली. बायका, म्हातारी माणसं, एकटे प्रवास करणारे डॉक्टर स्वतः गाडी सुरू करू लागले. विजेवर चालणाऱ्या गाड्या त्या काळी हँडल नको म्हणून घेतल्या जायच्या. त्यांचं हे मोठं आकर्षणच संपलं. फोर्डच्या स्वस्त मॉडेल टी गाडीतही 1919 पासून विजेचा स्टार्टर मिळू लागला.

माणसाशिवाय उडणारा किडा

पहिल्या महायुद्धात अमेरिकी लष्कराने केटरिंगकडे वेगळंच काम दिलं. वैमानिक नसलेलं, ठरलेल्या अंतरावर जाऊन पडणारं विमान. त्याचं नाव पडलं केटरिंग बग, म्हणजे केटरिंगचा किडा. विमानविद्येचा सल्ला द्यायला खुद्द ऑर्व्हिल राइट होते.

पंखांची लांबी साधारण साडेचार मीटर, चाळीस अश्वशक्तीचं चार सिलिंडरचं इंजिन आणि पोटात सुमारे 80 किलो स्फोटकं. रेडिओ नव्हता. दिशा सांभाळायला भोवऱ्याच्या तत्त्वावरचा जायरोस्कोप आणि उंचीसाठी हवेचा दाब मोजणारं यंत्र. वारा आणि अंतर पाहून इंजिनाचे किती फेरे व्हायला हवेत हे आधीच मोजून लावायचं. तेवढे फेरे झाले की इंजिन बंद पडायचं, पंख सुटायचे आणि विमान खाली कोसळायचं. पहिलं उड्डाण ऑक्टोबर 1918 मध्ये झालं, पुढच्याच महिन्यात युद्ध संपलं. हा किडा लढाईत कधी वापरला गेला नाही.

रेडिओने चालवायची छंदाची विमानं अमेरिकेत 1930 च्या दशकात आली. त्यांची इंजिनं मुठीत मावतील एवढी, पण सुरू करताना धोका केटरिंगच्या काळातलाच, हाताजवळ फिरणारी वस्तू आणि अचानक उसळी. इथे हँडलच्या जागी थेट पंखा असतो आणि तो मिनिटाला दहा हजारांच्या वर फेरे घेऊ शकतो. म्हणून हा छंद करणारे काही नियम कसोशीने पाळतात :

- आधी हातातला ट्रान्समीटर चालू करायचा, मग विमानातला रिसीव्हर. थ्रॉटल अगदी कमीवर आहे हे पाहायचं.
- विमान कुणीतरी घट्ट धरायचं किंवा बांधायचं. ओढणी, मफलर, सैल बाह्या दूर. डोळ्यांवर चष्मा हवा.
- उघड्या बोटाने पंख्याला टिचकी मारायची नाही. त्यासाठी रबर चढवलेली काठी किंवा बॅटरीवर चालणारा स्टार्टर वापरायचा.
- सिलिंडरमध्ये इंधन जास्त झालं असेल तर स्टार्टर लावायचा नाही. द्रव दबत नाही, आतला दांडा वाकतो. आधी ग्लो प्लगची वीज काढून पंखा काठीने सावकाश फिरवून पाहायचा.
- इंजिन सुरू झालं की पंख्याच्या मागे जायचं. ग्लो प्लगची क्लिप मागूनच काढायची आणि सुईचा स्क्रूही मागूनच फिरवायचा. पंख्याच्या समोर किंवा बाजूच्या रेषेत कुणीही उभं राहायचं नाही. पातं तुटलं तर ते त्याच रेषेत सुटतं.

त्या छोट्या स्टार्टरचं गणितही गल्ल्याच्या यंत्राचंच आहे. लहान मोटर, मोठा जोर, थोडे क्षण.

झाकून न ठेवण्यासारखी बाजू

1920 पासून 1947 पर्यंत केटरिंग जनरल मोटर्सच्या संशोधन विभागाचा प्रमुख होता. रेल्वेच्या डिझेल इंजिनांपर्यंत अनेक कामं त्याच्या हाताखाली झाली. त्याच्या नावावर 180 हून अधिक पेटंटं आहेत.

पण याच विभागात 1921 मध्ये थॉमस मिजली याने पेट्रोलमध्ये शिसं मिसळून इंजिनातली ठकठक बंद करायची युक्ती शोधली. शिसं विषारी आहे हे तेव्हाही माहीत होतं. 1924 मध्ये न्यू जर्सीतल्या एका कारखान्यात हे द्रव्य बनवताना कामगार भ्रमिष्ट झाले, पाच जण दगावले. तरीही केटरिंग आणि कंपनी मागे हटली नाही. दुसरे पर्याय ठाऊक असताना शिशाचं पेट्रोल जगभर पसरलं. भारतात ते 2000 साली बंद झालं. फ्रिजमधला जो वायू पुढे ओझोनचा थर विरळ करणारा ठरला, तोही मिजलीने याच विभागात शोधला. फरक इतकाच की त्या वायूचा धोका तेव्हा कुणाला माहीत नव्हता, शिशाचा माहीत होता.

हँडलची उसळी ज्याचा हात मोडायची त्याला लगेच कळायची, म्हणून ती थांबवायची मागणी झाली. शिशाची उसळी लहान मुलांच्या मेंदूवर, हळूहळू आणि न दिसता बसली. म्हणून ती थांबायला पाऊणशे वर्षं लागली.

1945 मध्ये केटरिंगने जनरल मोटर्सचे आल्फ्रेड स्लोन यांच्यासोबत न्यूयॉर्कमध्ये कर्करोगावर संशोधन करणारी संस्था उभी केली. ती आजही दोघांच्या नावाने ओळखली जाते. 25 नोव्हेंबर 1958 रोजी डेटनजवळ त्याचं निधन झालं.

मोटारीतलं हँडल जाऊन शतक उलटलं. पण जुन्या ऑइल इंजिनावर, टिलरवर, छंदाच्या विमानावर आजही इंजिन हाताने सुरू करावं लागतं. तिथे बटण नाही. म्हणून अंगठा बोटांच्या बाजूला ठेवायचा, आणि पंखा असेल तर मागे उभं राहायचं.