त्यागमूर्ती माता रमाई : चळवळीच्या घरातली आई



आपल्या विहाराच्या वर्धापन दिनानिमित्त निघणाऱ्या या स्मरणिकेसाठी लेख द्या, असे कार्यकर्त्यांनी मला सांगितले. मी काही पदवी घेतलेला माणूस नाही. गिरणीत पाळ्या करता करता, रात्रीच्या दिव्याखाली जेवढे वाचले, जाणत्या माणसांकडून जेवढे ऐकले, तेवढीच माझी शिदोरी. बाबासाहेबांवर आपण दरवर्षी लिहितो, बोलतो. ते झालेच पाहिजे. पण क्रांती घडते तेव्हा त्या क्रांतिकारकाच्या घरात चूल कोण पेटवतं, लेकरू तापाने फणफणलं तर त्याच्या उशाशी कोण बसतं, हे आपण विचारत नाही. म्हणून यंदा माता रमाईचे चरित्र थोडक्यात मांडतो.

रमाईचा जन्म ७ फेब्रुवारी १८९८ रोजी, दापोलीजवळच्या वणंद या गावी, गरीब घरात झाला. वडील भिकू धुत्रे हे दाभोळच्या बंदरावर माशांच्या टोपल्या वाहायचे. आईचे नाव रुक्मिणी. आधी आई गेली, मागून वडील गेले. खेळायच्या वयात पोर अनाथ झाली. मग काका आणि मामा या भावंडांना मुंबईला घेऊन आले आणि भायखळ्याच्या वस्तीत ती वाढली.

१९०६ साली रामजी सुभेदारांच्या भीमाशी तिचे लग्न झाले. नवरी नऊ वर्षांच्या आसपास, नवरा चौदा-पंधरा वर्षांचा. मांडव कुठला, तर भायखळ्याच्या बाजाराचा. दिवसा बाजार चालायचा, म्हणून रात्री, दुकाने उठल्यावर, उघड्या छपराखाली लग्न लागले. पायाखालून गटाराचे पाणी वाहत होते. ज्या माणसाने पुढे देशाची घटना लिहिली त्याचे लग्न असे लागले.

१२ डिसेंबर १९१२ ला यशवंताचा जन्म झाला. दोन महिने होत नाहीत तोच, २ फेब्रुवारी १९१३ ला रामजीबाबा गेले. त्याच वर्षी बाबासाहेब शिकायला अमेरिकेला निघाले. पदरात काही महिन्यांचे लेकरू, सासऱ्याचा आधार गेलेला आणि नवरा सातासमुद्रापार! १९१३ ते १९१७ अमेरिका आणि इंग्लंड, मग पुन्हा १९२० ते १९२३ लंडन. ही सगळी वर्षे परळच्या चाळीतल्या दोन खोल्यांत रमाईने काढली. बाबासाहेब तिकडे पुस्तकांसाठी पोट मारत होते, इकडे रमाई संसारासाठी पोट मारत होती. शेण गोळा करून तिने गोवऱ्या थापल्या, सरपण वेचले, असे जुनी माणसे सांगतात. बॅरिस्टराची बायको शेणाला जाते म्हणून लोक नावे ठेवतील, तर ती पहाटे अंधारात जाऊन यायची. विधवा जाऊ लक्ष्मीबाई आणि पुतण्या मुकुंद यांनाही तिने परके मानले नाही.

आता जे लिहायचे ते लिहिताना हात जड होतो. रमाईला पाच लेकरे झाली. यशवंत, गंगाधर, रमेश, इंदू आणि राजरत्न. त्यातली चार तिच्या डोळ्यांदेखत गेली. औषधाला पैसा नाही, दुधाला पैसा नाही. एका लेकराच्या मयताला नवे कापड मिळाले नाही, तेव्हा रमाईने आपल्या लुगड्याचा पदर फाडून दिला, असे सांगतात. शेवटचा राजरत्न जुलै १९२६ मध्ये गेला. त्या वेळी बाबासाहेब देशातच होते, आणि त्यांनाही तो घाव सोसवला नाही.

मित्रांनो, तारखा नीट बघा. राजरत्न गेला जुलै १९२६ मध्ये. मार्च १९२७ मध्ये बाबासाहेब महाडच्या चवदार तळ्यावर उभे होते. मे १९२७ मध्ये ते आपल्या बदलापूरला आले, शिवजयंतीच्या त्रिशताब्दी उत्सवाचे अध्यक्ष म्हणून. आपण अभिमानाने सांगतो की बाबासाहेबांचे पाय आपल्या मातीला लागले. पण ते इथे भाषण करत होते तेव्हा परळच्या खोलीत एक आई रिकाम्या मांडीने बसली होती, हे कोणी सांगत नाही. लेकरू जाऊन वर्षसुद्धा झाले नव्हते. तिने नवऱ्याला घरी धरून ठेवले नाही. तिने धरून ठेवले असते, तर आज कोण कुठे असता, याचा विचार प्रत्येकाने करावा.

पुढच्याच वर्षी आणखी एक गोष्ट घडली. आम्हा कामगारांनी ती पाठ करावी अशी आहे. जुलै १९२८ मध्ये मुंबई कायदे कौन्सिलात कारखान्यातल्या बायांना बाळंतपणाचा भत्ता देणारे बिल आले. मालकांच्या बाजूने विरोध झाला. बाबासाहेब बिलाच्या बाजूने उभे राहिले. बाळंतपणाच्या आधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणे यात साऱ्या देशाचे हित आहे, सरकारने भार उचलावाच, पण जो मालक बाईच्या श्रमावर नफा कमावतो त्यानेही आपला वाटा द्यावा, अशी त्यांची भूमिका होती. १९२९ साली तो कायदा झाला. देशातला तसा तो पहिला कायदा. बोलताना त्यांच्या मनात रमाई होती का, हे मी कोण सांगणार! पण चार लेकरे पुरलेल्या घरातून तो माणूस सभागृहात गेला होता, एवढे खरे. पुढे १९४२ ते १९४६ मजूर मंत्री असताना खाणीतल्या बायांच्या बाळंतपणाच्या कायद्यातही त्यांनी सुधारणा केल्या.

रमाईला पंढरपूरला जायची फार इच्छा होती. बाबासाहेबांनी समजावले की जो देव आपल्या माणसांना दारात उभे करत नाही त्याच्याकडे कशाला जायचे, आपण दुसरी पंढरी उभी करू. धारवाडच्या वसतिगृहाची आठवणही प्रसिद्ध आहे. वराळे यांच्या त्या वसतिगृहात मुलांच्या धान्याची अडचण झाली, तेव्हा रमाईने आपल्या हातातल्या बांगड्या काढून दिल्या. मुलांच्या पोटात अन्न गेले. स्वतःची चार गेली, पण परक्यांची लेकरे तिला आई म्हणू लागली. रमाबाईची रमाई झाली ती अशी.

दादरचे राजगृह बांधून झाले, चार बरे दिवस आले, तोवर देह खंगला होता. २७ मे १९३५ ला राजगृहात रमाई गेली. अंत्ययात्रेला हजारो माणसे लोटली. बाबासाहेब लहान मुलासारखे रडले. येवल्याची घोषणा त्याच वर्षी १३ ऑक्टोबरला झाली, ती तिने ऐकली नाही. १९५६ ची दीक्षाभूमी तिने पाहिली नाही. पाकिस्तानवरचा आपला मोठा ग्रंथ बाबासाहेबांनी तिच्या स्मृतीला अर्पण केला. आणि वाचलेला तो एक यशवंत, आपले भैयासाहेब, भारतीय बौद्ध महासभेचे अध्यक्ष झाले, चैत्यभूमीच्या स्तूपासाठी झटले. म्हणजे आपण ज्या विहारात वंदना घेतो त्या चळवळीलाही रमाईचंच दूध आहे.

आता स्वतःचे एक सांगतो, लपवत नाही. नामांतराच्या दिवसांत आमचे पहिले लेकरू दोन महिन्यांचे होऊन गेले. त्या रात्री मी पोस्टर चिकटवत अंबरनाथभर फिरत होतो. शेजारच्या आयाबायांनी रिक्षा करून त्याला दवाखान्यात नेले. मी पोचलो तेव्हा सगळे संपले होते. बायको मला एका शब्दाने बोलली नाही. मी पुढे कैक वर्षे रमाईवर भाषणे केली, त्याग त्याग म्हणून टाळ्या घेतल्या, पण घरातल्या त्या बाईला कधी विचारले नाही की त्या रात्री तुला काय वाटलं. मागच्या वर्षी विचारले. ती म्हणाली नाही काही, नुसती रडली. म्हणून हा लेख.

रमाईचा त्याग ही पूजेची गोष्ट आहेच. पण आपल्या बायकांनीही तसेच सोसत राहावे, असा अर्थ आपण पुरुषांनी काढला तर तो तिचा अपमान होईल. बाबासाहेबांनी बाळंतिणीसाठी कायदा मागितला तो आयांचे हाल थांबावेत म्हणून. २०१७ पासून कायद्याने २६ आठवड्यांची पगारी रजा मिळते. पण उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूरमध्ये धुण्याभांड्याला जाणाऱ्या आपल्या कितीतरी बहिणींपर्यंत ती पोचलेली नाही. ते काम आपले.

७ फेब्रुवारीला रमाई जयंतीची खीर बायकाच शिजवतात, आणि माईकवर आपण असतो. एवढे तरी बदलू या. विहाराच्या कमिटीत निम्म्या उपासिका बसू द्या. वस्तीत कोणी बाळंतीण असेल तर तिच्या घरी पाळीपाळीने दूध आणि दवाखान्याचा खर्च पोचवू या. कार्यकर्ता मोर्चाला निघाला तर त्याच्या घरी कोण थांबणार, हे आधी ठरवू या. रमाईला हीच खरी आदरांजली ठरेल.

नमो बुद्धाय! जय भीम! जय रमाई!