विस्मृतीतून वाचविलेले धन : डॉ. एलियास ल्योनरूट

स्मरणिकेसाठी एखाद्या थोर पुरुषाचे चरित्र लिहावयास घेतले म्हणजे राजे, सेनापती व धर्मसंस्थापक हेच प्रथम डोळ्यांपुढे उभे राहतात. यंदा आम्ही मुद्दाम निराळ्या वाटेने जाण्याचे ठरविले आहे. ज्याने राज्य जिंकले नाही की पंथ स्थापिला नाही, केवळ खेड्यापाड्यांतील वृद्धांच्या तोंडच्या कथा व गाणी ऐकून कागदावर उतरविली आणि तेवढ्यानेच एका राष्ट्राला आपली ओळख पटवून दिली, अशा फिनलंडमधील एका वैद्याची ही जीवनकथा आहे. आमच्या ज्ञातिबंधुभगिनींनी ती आपल्या घरातील वडीलधाऱ्या मंडळींच्या सान्निध्यात वाचावी, अशी आमची इच्छा आहे.

एलियास ल्योनरूट यांचा जन्म ९ एप्रिल १८०२ रोजी दक्षिण फिनलंडमधील साम्मात्ती ह्या खेड्यात झाला. वडील कपडे शिवून प्रपंच चालवीत. घरात सात मुले आणि दारिद्र्य असे की दुष्काळात झाडाच्या सालीचे पीठ मिसळून भाकरी करावी लागे. त्यांतच ह्या मुलाला वाचनाचे विलक्षण वेड. शेजारीण आपल्या मुलांना उठविताना, एलियास केव्हाच पुस्तक घेऊन झाडावर जाऊन बसला आहे असे सांगे, ही आठवण त्या गावात पुढे फार दिवस टिकून होती. शिक्षण पैशावाचून वारंवार खंडित झाले. कधी गावोगाव शिवणकाम करून, कधी औषधाच्या दुकानात उमेदवारी करून ते १८२२ साली तुर्कू येथील विद्यापीठात दाखल झाले.

त्या काळची देशस्थिती ध्यानात घेतल्याखेरीज ल्योनरूट यांच्या कार्याचे मोल कळावयाचे नाही. फिनलंड शेकडो वर्षे स्वीडनच्या अमलाखाली होता व १८०९ साली तो रशियाच्या झारकडे गेला. कचेरी, विद्यापीठ व प्रतिष्ठित घरे ह्यांची भाषा स्वीडिश. फिनिश ही शेतकऱ्यांची व मोलकऱ्यांची बोली. तिच्यात गंभीर ग्रंथ होऊ शकेल हे सुशिक्षितांस पटत नसे. परंतु ह्याच उपेक्षित बोलीत वायनामोइनेन नावाच्या वृद्ध गायक-मांत्रिकाच्या, इल्मारिनेन लोहाराच्या आणि पीठ, मीठ व पैसा अखंड दळून देणाऱ्या सांपो नामक अद्भुत जात्याच्या कथा पिढ्यान्पिढ्या गाइल्या जात होत्या. पश्चिमेकडे त्या बहुतेक लोपल्या होत्या. पूर्वेच्या कारेलिया प्रांतातील अरण्यांत मात्र त्या जिवंत होत्या.

१८२७ साली ल्योनरूट यांनी वायनामोइनेनवर प्रबंध लिहिला. त्याच वर्षी तुर्कू शहरास भयंकर आग लागून विद्यापीठ भस्मसात झाले व प्रबंधाचा दुसरा भागही नष्ट झाला. विद्यापीठ हेलसिंकीस हलविण्यात आले. पुढच्याच वर्षी, १८२८ च्या उन्हाळ्यात, शेतकऱ्याचा वेष करून व जवळ बासरी बाळगून हा तरुण पायी पूर्वेकडे निघाला. कागदावर ठेवलेले विद्याधन एका रात्रीत जळते, मग केवळ स्मरणात ठेवलेल्या धनाची काय शाश्वती, हा विचार त्यांच्या मनात आला असो वा नसो, त्या आगीची हकीकत वाचताना आमच्या मनात तो आल्यावाचून राहिला नाही.

१८३१ साली फिनिश साहित्य संस्था स्थापन झाली आणि ल्योनरूट तिचे पहिले चिटणीस झाले. १८३२ मध्ये वैद्यकाची पदवी घेऊन १८३३ साली ते कायानी ह्या दूरच्या जिल्ह्याचे सरकारी वैद्य म्हणून रुजू झाले. तेव्हा तेथे दुष्काळ व साथ ह्यांनी थैमान घातले होते. रोग्यांची शुश्रूषा करता करता ते स्वतःही त्याच साथीने अंथरुणास खिळले. बरे होताच पुन्हा कामावर हजर. अफाट जिल्हा, एकटा वैद्य आणि वर्षातील कित्येक महिने बर्फ. तरीही रजा मिळेल तेव्हा कधी पायी, कधी होडीने, कधी घसरगाडीवरून ते कथा व गाणी शोधीत हिंडत.

१८३४ सालच्या प्रवासात लात्वायार्वी ह्या खेड्यात त्यांना आर्हिप्पा पेर्त्तुनेन हा वृद्ध शेतकरी भेटला. अक्षरशत्रू माणूस, परंतु स्मरण अगाध. तीन दिवस तो गात होता व ल्योनरूट लिहून घेत होते; त्या बैठकीत चार हजारांहून अधिक ओळी लिहून झाल्या. आपल्या वडिलांना ह्याहून कितीतरी अधिक येत होते, असे आर्हिप्पाने सांगितले. लहानपणी मासेमारीच्या रात्री वडील व त्यांचा गडी शेकोटीपाशी हातात हात गुंफून रात्रभर गात, आणि एकच गाणे दोनदा म्हणत नसत. तेव्हा कोणी लिहून घेणारा आला असता, तर पंधरा दिवसांतही त्याचे काम संपले नसते. आणि आपल्या मागे आपल्या मुलांपैकी कोणी असे गाईल असे वाटत नाही, अशी खंतही त्याने बोलून दाखविली. पुढे त्याचा मुलगा मीह्काली हा नामांकित गायक निघाला, हे वाचून आम्हांस समाधान वाटले. परंतु आजोबांचे जे कोणी लिहून घेतले नाही, ते गेलेच.

गोळा झालेल्या तुकड्यांची संगती लावून ल्योनरूट यांनी ‘कालेवाला’ हे महाकाव्य सिद्ध केले. त्याच्या प्रस्तावनेवर २८ फेब्रुवारी १८३५ ही तारीख आहे. त्यात ३२ सर्ग व १२,०७८ ओळी होत्या आणि प्रती अवघ्या ५०० छापल्या होत्या. १८४९ मध्ये सुधारून वाढविलेली आवृत्ती निघाली, तीत ५० सर्ग व २२,७९५ ओळी झाल्या. दरम्यान स्त्रियांची व मुलांची भावगीते त्यांनी ‘कांतेलेतार’ ह्या संग्रहात दिली; म्हणी व उखाणेही प्रसिद्ध केले.

ह्या काव्यातील एक कथा आमच्या मनात घर करून राहिली आहे. लेम्मिनकाइनेन हा उनाड वीर मारला जातो व त्याच्या देहाचे तुकडे मृत्युलोकीच्या नदीत विखुरतात. त्याची माता लोहाराकडून लांब दात्यांचे दाताळे घडवून घेते, नदीचा तळ ढवळून एकेक तुकडा वर काढते, हाड हाडाशी व शीर शिरेशी जुळविते आणि मधमाशीने आणलेल्या मधाने त्याला पुन्हा सजीव करते. ल्योनरूट यांनी आपल्या लोकांच्या कथांसाठी केले ते ह्याहून निराळे नव्हते.

काही टीकाकारांनी असा आक्षेप घेतला की, ही जुळणी ल्योनरूट यांची आहे; असे अखंड काव्य कोणताही एक गायक गात नव्हता. आक्षेप खरा आहे. क्रम त्यांनी लावला, सांधे त्यांनी जोडले. परंतु ओळी बहुतांशी गायकांच्याच आहेत, आणि मूळ टिपणे त्यांनी नष्ट केली नाहीत. त्यांची व इतर संग्राहकांची टिपणे पुढे १९०८ ते १९४८ ह्या काळात ३३ भागांत छापली गेली, आणि कोणते गाणे कोणत्या गावी मिळाले हे आज कोणासही पाहता येते. संग्राहकाचा प्रामाणिकपणा तो हाच.

१८५३ साली हेलसिंकी विद्यापीठात फिनिश भाषेचे प्राध्यापक म्हणून त्यांची नेमणूक झाली. १८६२ मध्ये निवृत्त झाल्यावर ते जन्मगावाकडे परतले आणि दोन लक्षांहून अधिक शब्दांचा फिनिश-स्वीडिश कोश त्यांनी १८८० पर्यंत पुरा केला. शेतकऱ्यांसाठी घरगुती वैद्यकाचे पुस्तक तर त्यांनी १८३९ मध्येच लिहिले होते. १८६३ साली झारने फिनिश भाषेस वीस वर्षांत स्वीडिशच्या बरोबरीचे स्थान देण्याचा हुकूम काढला. मोलकऱ्यांची बोली दरबारी पोहोचली.

घरी मात्र दैव प्रतिकूल होते. १८६८ साली पत्नी निवर्तली. पाच अपत्यांपैकी चार त्यांच्या डोळ्यांदेखत गेली. इडा ही एकच कन्या मागे उरली. ज्याने हजारो घरांतील बोल वाचविले, त्याचे स्वतःचे घर असे निःशब्द होत गेले. तरी त्यांच्या हातचे काम थांबले नाही. १९ मार्च १८८४ रोजी साम्मात्ती येथे त्यांचे देहावसान झाले. फिनलंड १९१७ साली स्वतंत्र झाला. आज २८ फेब्रुवारी हा दिवस तेथे कालेवाला-दिन म्हणून ध्वज उभारून साजरा होतो, आणि साठांहून अधिक भाषांत त्या काव्याची भाषांतरे झाली आहेत.

आता दोन शब्द आमच्या ज्ञातिबांधवांस. आपल्याकडेही जात्यावरच्या ओव्या, व्रतांच्या कहाण्या, कुलदैवताच्या आख्यायिका आजीच्या मुखी असत. साने गुरुजींनी अशा ओव्या ‘स्त्री जीवन’ ह्या ग्रंथात गोळा करून ठेविल्या, हे त्यांचे आपल्यावर ऋण आहे. परंतु प्रत्येक घरातील धन एका पुरुषास कसे वेचता येईल? आपले जाते माळ्यावर गेले. त्याबरोबर ओवीही गेली. कथा सांगणाऱ्या वृद्धा दरवर्षी थोड्या थोड्या कमी होत आहेत, हे स्मरणिकेतील श्रद्धांजलीचे पान पाहताच ध्यानी येते. ल्योनरूट यांना मैलोन्मैल बर्फ तुडवावे लागले; आपणांस माजघरापर्यंत जावयाचे आहे. ध्वनिमुद्रणाचे साधन तर आज प्रत्येकाच्या खिशात आहे.

म्हणून आमची नम्र विनंती एवढीच की, प्रत्येक कुटुंबाने ह्या वर्षी घरातील सर्वांत वृद्ध व्यक्तीपाशी बसून निदान एक कहाणी तिच्याच शब्दांत उतरवून घ्यावी. आपल्या मते सुधारू नये, गाळू नये. खाली सांगणारीचे नाव व तिचे माहेरचे गाव अवश्य लिहावे. आर्हिप्पाच्या वडिलांपाशी वेळेवर कोणी पोहोचले नाही. आपल्या वडिलांपाशी आपण पोहोचू, अशी आशा बाळगून आम्ही हा लेख पुरा करतो.