फानूस आणि आकडे

हातात दिवा घेतलेल्या परिचारिकेचे चित्र तुम्ही पाहिले असेल. त्या फ्लॉरेन्स नाइटिंगेल. तो दिवा म्हणजे तुर्कस्तानातला कागदी कंदील होता. तुर्की लोक त्याला फानूस म्हणत. हा शब्द तुम्हांला नवा नाही!

फ्लॉरेन्सचा जन्म १२ मे १८२० रोजी इटलीत, फ्लॉरेन्स शहरात झाला. शहराचेच नाव मुलीला मिळाले. घराणे इंग्लंडमधले, श्रीमंत. वडिलांनी तिला घरीच शिकवले. तिला गणिताची फार गोडी होती. रुग्णसेवा करण्याची इच्छाही होती, पण त्या काळी हे काम हलके मानले जाई. घरच्यांनी कडाडून विरोध केला. अखेर १८५१ मध्ये जर्मनीतील कैसरस्वर्थ येथे जाऊन तिने रुग्णसेवेचे शिक्षण घेतले.

पुढे क्रिमियाचे युद्ध पेटले. इंग्लंड, फ्रान्स व तुर्कस्तान एका बाजूला आणि रशिया दुसऱ्या बाजूला. नोव्हेंबर १८५४ मध्ये ३८ परिचारिकांना घेऊन फ्लॉरेन्सबाई इस्तंबूलजवळ उस्कुदार येथील इंग्रजांच्या लष्करी रुग्णालयात पोहोचल्या. तेथे काय दिसले? जखमी सैनिक दाटीवाटीने पडलेले. पुरेशी अंथरुणे नाहीत, स्वच्छ कपडे नाहीत. बाईंनी जेवणाची आणि कपडे धुण्याची सोय केली. रात्री फानूस घेऊन त्या रुग्णांमधून फिरत.

तरीही माणसे मरतच होती. जखमांपेक्षा पटकी आणि हगवण यांनीच अधिक! फेब्रुवारी १८५५ मध्ये मृत्यूचे प्रमाण शेकडा ४२ पर्यंत गेले. मार्चमध्ये इंग्लंडहून आरोग्य-आयोग आला. रुग्णालयाखालची तुंबलेली गटारे साफ झाली, खोल्यांत हवा खेळू लागली. जूनपर्यंत ते प्रमाण शेकडा सुमारे २ वर आले.

युद्ध संपल्यावर बाईंनी विल्यम फार या तज्ज्ञाच्या मदतीने सारे आकडे तपासले. आधी त्यांना वाटे, उपासमार व अतिश्रम यांनी खंगलेले सैनिक रुग्णालयात येतात, म्हणून दगावतात. आकडे मात्र घाणीकडे बोट दाखवत होते. जेथे त्यांनी रात्रंदिवस सेवा केली, त्याच इमारतीने अनेकांचा बळी घेतला होता! हे मान्य करणे किती जड गेले असेल, विचार करा. पण त्यांनी आकडे झाकले नाहीत. १८५८ मध्ये त्यांनी रंगीत, गोलाकार आकृत्या काढून ते सरकारपुढे ठेवले. निळा रंग टाळता येणाऱ्या रोगांच्या बळींचा, तांबडा जखमांच्या बळींचा. निळ्यानेच बहुतेक चित्र व्यापले होते.

१८६० मध्ये लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात त्यांच्या नावाची परिचारिकांची शाळा सुरू झाली. त्या स्वतः मात्र आजारी असत. अंथरुणावरूनच त्यांनी भारतातील छावण्यांची माहिती प्रश्नावली पाठवून मागवली. १८६३ च्या अहवालात दिसले, की येथे दर हजार इंग्रज सैनिकांमागे वर्षाला ६९ मरतात. त्या भारतात कधीच आल्या नाहीत. पण येथील पाणी, गटारे आणि दुष्काळ यांविषयी पुढे अनेक वर्षे लिहीत राहिल्या.

१३ ऑगस्ट १९१० रोजी त्यांचे निधन झाले. त्यांच्या इच्छेप्रमाणे दफन गावच्या साध्या कबरस्तानात झाले. दगडावर त्यांच्यासाठी पूर्ण नावही कोरलेले नाही. फक्त दोन आद्याक्षरे आणि तारखा आहेत.