डिझेल नावाचा माणूस

बंदरात उभ्या असलेल्या होडीचे जुने इंजिन सुरू होईनासे झाले, की जाणता मिस्त्री पान्याला हात घालण्याआधी तीन गोष्टी मनाशी विचारतो. तेल नॉझलपर्यंत पोचते आहे का? हवा आत येते आहे का? आणि आलेली हवा पिस्टन पुरेशी दाबतो आहे का? पेट्रोलच्या इंजिनात ठिणगी पाडणारा प्लग असतो. या इंजिनात तो नाही. दाबलेली हवाच इतकी तापते, की तिच्यात तेलाचा बारीक फवारा सोडला की तो आपोआप पेटतो. त्यामुळे सगळा खेळ दाबाचा आणि फवाऱ्याचा. तेलाच्या नळीत हवेचा एक बुडबुडा अडकला, तरी पंप त्या बुडबुड्यालाच दाबत बसतो आणि नॉझल कोरडे राहते. मग मिस्त्री फिल्टरजवळचा स्क्रू सैल करतो, हातपंप मारतो, आधी फेस येतो, नंतर स्वच्छ धार लागते. धार लागली की स्क्रू आवळतो. निम्म्या वेळा एवढ्यानेच काम भागते.

उरलेल्या वेळी तो धूर पाहतो. धूर काळा असेल तर तेल पुरते जळत नाही. हवेची वाट तुंबली असेल, नाहीतर नॉझल फवारा न मारता टपकत असेल. निळसर असेल तर रिंगा झिजून वंगणाचे तेल वर चढते आहे. पांढरा असेल तर तेल न पेटताच बाहेर पडते आहे, किंवा हेडमधून पाणी आत झिरपते आहे. होडीवर हे शेवटचे दुखणे विशेष, कारण इंजिन थंड ठेवणारे पाणी बहुधा समुद्राचेच, आणि खारे पाणी लोखंडाला सोडत नाही.

ही विद्या मिरकरवाड्याच्या किंवा हर्णैच्या मिस्त्रीने पुस्तकातून घेतलेली नसते. पण ज्या माणसाच्या नावाने त्याचे इंजिन आणि त्याच्या हाताला लागलेले तेल ओळखले जाते, त्या रुडॉल्फ डिझेलच्या उमेदीची चार वर्षे नेमक्या याच तीन प्रश्नांशी झगडण्यात गेली, हे बहुतेकांना ठाऊक नसते. डिझेल हे मुळात एका माणसाचे आडनाव आहे हेही आपण विसरून गेलो आहोत.

१८ मार्च १८५८ रोजी पॅरिसमध्ये त्याचा जन्म झाला. आईबाप जर्मन, बापाचा धंदा पुस्तकबांधणीचा आणि चामड्याच्या वस्तूंचा. १८७० साली फ्रान्स आणि प्रशिया यांच्यात युद्ध पेटले आणि पॅरिसमधल्या जर्मनांना रातोरात परके व्हावे लागले. कुटुंब लंडनला गेले. तिथे पोट भरण्याची पंचाईत, म्हणून बारा वर्षांच्या रुडॉल्फला एकट्याला जर्मनीत ऑग्सबुर्गला नातलगांकडे धाडण्यात आले. तिथले बार्निकेल काका गणिताचे शिक्षक होते. पोराने तिथेच ठरवून टाकले, की आपण इंजिनियर व्हायचे. म्युनिकच्या पॉलिटेक्निकमध्ये त्याला शिष्यवृत्ती मिळाली. तिथे प्राध्यापक होते कार्ल फॉन लिंडे, यांत्रिक शीतकरणाचे जनक. वाफेच्या इंजिनात जळणातली फार थोडी उष्णता कामी येते, हे त्यांच्या वर्गात ऐकले आणि ते या मुलाच्या डोक्यातून कधी गेलेच नाही. शंभर रुपयांचा कोळसा जाळावा आणि दहा रुपयांचेही काम पदरात पडू नये, असा तो व्यवहार होता.

शिक्षण संपल्यावर लिंडे यांच्याच बर्फाच्या यंत्रांचे काम पाहण्यासाठी तो पॅरिसला परतला. लग्न झाले, तीन मुले झाली. नोकरी सांभाळून अमोनियाच्या वाफेवर चालणाऱ्या इंजिनाचे प्रयोग चालू होते. त्यात एकदा स्फोट होऊन तो इस्पितळात पडला. १८९० मध्ये बर्लिनला बदली झाली आणि तिथे नवी कल्पना कागदावर आली. १८९२ च्या फेब्रुवारीत पेटंटचा अर्ज, १८९३ च्या आरंभी छोटे पुस्तक, आणि त्याच वर्षी ऑग्सबुर्गचा यंत्रकारखाना व क्रुप ही बडी कंपनी त्याच्या पाठीशी उभी राहिली. ऑग्सबुर्गचे संचालक हाइन्रिख बुत्स हा या कथेतला मला सर्वांत आवडणारा माणूस. यंत्र एकदाही चाललेले नसताना त्यांनी पैसा लावला आणि नंतर वर्षानुवर्षे तक्रार न करता लावत राहिले. कर्ज मंजूर करण्यात आयुष्य घालवलेल्या माणसाला याचे मोल जरा जास्त कळते.

कागदावरचे इंजिन काही औरच होते. त्यात कोळशाची भुकटी जाळायची होती, वातावरणाच्या अडीचशे पट दाब निर्माण करायचा होता, आणि थंड करायला पाण्याची गरजच पडणार नाही असा लेखकाचा हिशेब होता. प्रत्यक्षात १८९३ च्या उन्हाळ्यात पहिले यंत्र उभे राहिले तेव्हा साधा दाब टिकेना. रिंगांमधून हवा निसटे, व्हॉल्व्ह नीट बसत नसत. आज जुन्या होडीचा मिस्त्री ज्याला कम्प्रेशन गेले म्हणतो, ते दुखणे या इंजिनाला जन्मतःच होते. एकेक गळती शोधून बुजवली, आणि १० ऑगस्टला पेट्रोलचा पहिला फवारा आत सोडला. तो पेटला, आणि असा पेटला की दाब मोजणारे उपकरण फुटून त्याचे तुकडे उडाले. जवळ उभी असलेली माणसे थोडक्यात वाचली. इंजिन काही चालले नाही. पण नुसत्या दाबाने तेल पेटते एवढे त्या दिवशी सिद्ध झाले.

पुढचा घोळ फवाऱ्याचा. पंपाने थेट तेल ढकलले तर ते हवे तेव्हा, हवे तेवढे जाईना. शेवटी दाबलेल्या हवेच्या झोताबरोबर तेल आत फेकण्याची युक्ती निघाली. १७ फेब्रुवारी १८९४ ला दुसरे यंत्र कारखान्याच्या पट्ट्यावर फिरवून चाचणी चालली होती. डिझेल वरच्या बाजूला यंत्रात गुंतलेला. खाली उभ्या असलेल्या मिस्त्रीच्या लक्षात आले, की पट्ट्याची ओढ उलटी झाली आहे. आता पट्टा इंजिनाला फिरवत नाही, इंजिनच पट्ट्याला फिरवते आहे. तो काही बोलला नाही. त्याने फक्त डोक्यावरची टोपी उतरवली. जेमतेम एक मिनिट ते इंजिन आपल्या बळावर चालले.

त्या एका मिनिटापासून भरवशाच्या यंत्रापर्यंत यायला आणखी तीन वर्षे लागली. सिलिंडरभोवती पाणी खेळवावे लागले; कोळशाची भुकटी मागे पडून दिव्याचे रॉकेल आले. इमानुएल लाउस्टर नावाच्या तरुण इंजिनियरचा या घडणीत मोठा वाटा आहे. १८९७ च्या फेब्रुवारीत प्राध्यापक श्रोटर यांनी सुमारे २० अश्वशक्तीच्या तिसऱ्या यंत्राची रीतसर परीक्षा घेतली. उष्णतेचा २६ टक्क्यांहून अधिक भाग कामाला लागत होता. ते यंत्र म्युनिकच्या डॉइचेस म्युझियममध्ये ठेवलेले आहे.

आता पैशाचा पूर आला. अमेरिकेतील हक्क आडोल्फस बुश या दारूभट्टीच्या मालकाने दहा लाख मार्कांना घेतले, रशियातील हक्क नोबेल घराण्याने. १८९८ मध्ये सारे हक्क एका नव्या कंपनीला पस्तीस लाख मार्कांना गेले. डिझेलने म्युनिकमध्ये राजवाड्यासारखे घर बांधले.

पण यंत्र अजून गिऱ्हाइकाच्या हाती द्यायच्या लायकीचे नव्हते. पहिले विकलेले इंजिन केंप्टेनच्या आगपेट्यांच्या कारखान्यात बसले आणि लगेच कटकटी सुरू झाल्या. ऑग्सबुर्गमध्ये डिझेलच्या नावाने स्वतंत्र कारखाना निघाला होता; त्याची इंजिने गिऱ्हाइकांनी परत पाठवली आणि कारखाना बुडाला. प्रयोगशाळेत स्वतः निर्माता तेलाचा थेंब न् थेंब पाहत असतो. कारखान्यात एक थकलेला मजूर. या दोहोंतले अंतर डिझेलला मोजता आले नाही. त्याच वर्षी त्याचे मन आणि शरीर दोन्ही कोसळले आणि काही काळ आरोग्यधामात काढावा लागला.

माझ्या नोकरीची काही वर्षे किनाऱ्यावरच्या शाखेत गेली. यांत्रिक होडीच्या कर्जाच्या कागदावर इंजिनाची किंमत असते, अश्वशक्ती असते, जामीनदार असतो. होडी किती दिवस बंद राहील याला मात्र रकाना नसतो. हप्ता चुकतो तो पुष्कळदा मासळी नसल्यामुळे नाही, तर ऐन हंगामात एका नॉझलसाठी आठ दिवस वाट पाहिल्यामुळे. केंप्टेनची हकीकत वाचताना मला ते रकाने आठवले.

दोष मिटवले ते मुख्यतः ऑग्सबुर्गच्या आणि रशियातील मंडळींनी, धिम्या गतीने. १९०० च्या पॅरिस प्रदर्शनात इंजिनाला सर्वोच्च पारितोषिक मिळाले. तिथे ऑटो कंपनीचे एक लहान डिझेल इंजिन शेंगदाण्याच्या तेलावरही चालवून दाखवले गेले. डिझेलने आपले इंजिन मुळात शेंगतेलासाठीच काढले, अशी जी दंतकथा आहे, तिला आधार नाही. ती फ्रेंच सरकारची हौस होती. १९०३ मध्ये फ्रान्सच्या कालव्यावर ‘पेती पिएर’ ही डिझेलवरची नाव चालली. त्याच साली व्होल्गा नदीवर नोबेलचे ‘वांदाल’ हे तेलवाहू जहाज उतरले. त्याच्या इंजिनांना उलटे फिरता येत नव्हते, म्हणून त्यांनी वीज तयार करायची आणि पंखा विजेच्या मोटारीने फिरवायचा, अशी सोय केली होती. १९१२ मध्ये ‘सेलांडिया’ हे डॅनिश जहाज उंच धुराड्याशिवाय कोपनहेगनहून थेट बँकॉकपर्यंत गेले. जगाच्या बंदरांतून कोळशाचे दिवस सरत आले, याची ती वर्दी होती.

या सुमारास त्या इंजिनाच्या जनकाची तिजोरी रिकामी होत होती. पेटंटाची मुदत संपली होती. म्युनिकमधील जमिनींच्या व्यवहारांत आणि इतर गुंतवणुकीत मोठी रक्कम बुडाली होती. बडे घर मात्र तसेच चालू होते. बायकोला त्याने कळू दिले नाही. देणी लपवणारी सज्जन माणसे मी पाहिली आहेत. ती हिशेब बारकाईने ठेवतात, फक्त कुणाला दाखवत नाहीत.

२९ सप्टेंबर १९१३ च्या संध्याकाळी डिझेल अँटवर्पहून ‘ड्रेस्डेन’ बोटीवर चढला. इंग्लंडमध्ये इप्सविचच्या नव्या डिझेल कारखान्यासाठी तो निघाला होता. बोट वाफेवर चालणारी होती. दोन सहकाऱ्यांबरोबर जेवण झाले, गप्पा झाल्या. सकाळी सव्वासहाला उठवा असे सांगून तो आपल्या खोलीत गेला. सकाळी बिछाना तसाच होता, घड्याळ बिछान्यावरून दिसेल असे ठेवलेले होते. डेकवर टोपी आणि घडी केलेला ओव्हरकोट सापडला. डायरीत त्या तारखेसमोर एक फुली होती.

जर्मन हेरांनी ढकलले, तेलवाल्यांनी मारले, अशा कथा तेव्हापासून आजवर चालू आहेत. कादंबरीला त्या बऱ्या आहेत. मला मात्र त्या बॅगेवर विश्वास ठेवावासा वाटतो, जी निघण्यापूर्वी त्याने पत्नी मार्थाच्या हाती दिली होती आणि आठवडाभर उघडू नकोस म्हणून सांगितले होते. तीत वीस हजार मार्क रोख होते आणि खात्यांचे कागद. खाती जवळजवळ रिकामी होती.

दहा-बारा दिवसांनी एका डच बोटीच्या खलाशांना समुद्रात एक प्रेत तरंगताना दिसले. वर घेण्यासारखी अवस्था नव्हती. त्यांनी खिशातल्या वस्तू काढून घेतल्या आणि प्रेत पुन्हा पाण्यात सोडले. गोळ्यांची डबी, चाकू, चष्म्याचे घर, पाकीट अशा त्या वस्तू व्लिसिंगेन बंदरात धाकटा मुलगा ऑयगेन याला दाखवण्यात आल्या. वडिलांच्याच आहेत, असे त्याने ओळखले. पुढे तो लेखक झाला, आणि १९३७ साली त्यानेच वडिलांचे चरित्र प्रसिद्ध केले.