मिरजेचे डॉक्टर वानलेस आणि आपल्या घरातला मधुमेह



सांगलीहून मिरजेला जाताना वाटेत वानलेसवाडी लागते. हे नाव आपण रोज घेतो. कंडक्टरला सांगतो, पत्त्यात लिहितो. पण हे नाव ज्यांच्यावरून पडले ते डॉ. विल्यम जेम्स वानलेस कोण होते, कोठून आले आणि आपल्या मुलखात त्यांनी काय केले, असे आपल्या मुलांना विचारून पाहा. फार थोड्यांना सांगता येईल. म्हणून या थोर माणसाची ओळख करून देण्याचे ठरवले आहे. त्यात आणखी एक हेतू आहे. आज आपल्या प्रत्येक मोहल्ल्यात साखरेचा विकार असलेले कोणी ना कोणी आहे, आणि डायलिसिस हा शब्द आपल्या अम्मी-अब्बांनाही पाठ झाला आहे. या दुखण्याशी वानलेसांच्या चरित्राचा काय संबंध, हे पुढे आपल्या लक्षात येईल.

परमुलखातून आलेला तरुण

वानलेस यांचा जन्म १ मे १८६५ रोजी कॅनडातील आँटॅरिओ प्रांतात झाला. वैद्यकीचे शिक्षण त्यांनी न्यूयॉर्कमध्ये घेतले आणि १८८९ साली, वयाच्या अवघ्या चोविसाव्या वर्षी, अमेरिकन प्रेसबिटेरियन मिशनचे डॉक्टर म्हणून ते भारतात आले. ते मिशनरी होते आणि आपल्या धर्मावर त्यांची निष्ठा होती, हे सांगण्यात संकोच वाटण्याचे कारण नाही. त्यांच्या हातून बरे झालेल्या माणसांत मात्र हिंदू, मुसलमान, जैन, ख्रिस्ती असे सगळे होते.

त्या वेळी सांगली आणि मिरज ही पटवर्धनांची संस्थाने होती आणि भोवतालचा बराच मुलूख सातारा जिल्ह्यात मोडत होता. पुढे संस्थाने विलीन झाली, १९४९ साली दक्षिण सातारा जिल्हा झाला आणि १९६० साली त्याला सांगली हे नाव मिळाले. म्हणजे वानलेसांच्या काळात कराड, तासगाव, वाळवा, मिरज येथील माणसांची सुखदुःखे एकाच मुलखाची होती, आणि मोठ्या दुखण्यावर जवळपास इलाज नाही हे त्यातले एक मोठे दुःख होते.

सांगलीत लहानसा दवाखाना घालून वानलेसांनी कामाला सुरुवात केली. पुढे ते मिरजेस आले. मिरजेच्या संस्थानिकांनी जागा दिली आणि फिलाडेल्फियाचे रेल्वे इंजिनांचे कारखानदार जॉन कॉन्व्हर्स यांनी इमारतीसाठी पैसा दिला. १८९४ साली रुग्णालय उभे राहिले. मिरज हे रेल्वेचे जंक्शन होते. पुणे, बेळगाव आणि कोल्हापूर या तिन्ही बाजूंनी गाडी येत होती. गाडीने, बैलगाडीने आणि कुणाच्या तरी पाठुंगळीस बसून रुग्ण येऊ लागले.

उशिरा आलेले रुग्ण

त्या काळी आजाऱ्याला प्रथम हकीम किंवा वैद्य पाही. त्यांत जाणकार माणसे होती, पण शस्त्रक्रियेचे काम बहुधा अडाणी हातांत गेले होते. मोतीबिंदू काढणारे गावोगाव फिरत. ते सुईने डोळ्यातले गढूळ भिंग मागे ढकलून देत. रुग्णाला लगेच दिसू लागे, तो आनंदाने पैसे देई, आणि काही दिवसांनी डोळा पिकून कायमचा जाई. तोवर तो माणूस पुढच्या गावी गेलेला असे.

वानलेस भूल देऊन, हत्यारे निर्जंतुक करून, भिंग बाहेर काढीत. हजारो अंधांना त्यांनी दृष्टी दिली. मोतीबिंदूबरोबरच मूतखडा, पोटातल्या गाठी, हाडांचे विकार यांसाठीही लोक शल्यगृहाची वाट धरू लागले. मूतखड्याने तळमळणारे लहान मूल ज्यांनी पाहिले असेल त्यांनाच त्या वेदनेची कल्पना येईल. त्या काळी गरिबांच्या मुलांत मूत्राशयाचा खडा फार आढळे. खडा काढला की मूल दुसऱ्या दिवशी हसू लागे.

वाचकहो, येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी. हे रुग्ण वेदना असह्य झाल्यावर किंवा दिसेनासे झाल्यावर येत असत. बहुतेक जण उशिराच येत. तरीही कुशल शल्यविशारद त्यांना बरे करू शकत होता, कारण पिकलेला मोतीबिंदू उशिरा काढला तरी निघतो आणि मोठा झालेला खडाही निघतो. मधुमेहाचा हिशेब याहून वेगळा आहे.

एकट्याचे दोन हात पुरत नाहीत

वानलेसांचे सर्वांत दूरदृष्टीचे काम शल्यगृहाबाहेर झाले. एक माणूस कितीही राबला तरी एवढ्या मुलखाला पुरा पडणार नाही, हे त्यांनी लवकर ओळखले. १८९७ साली त्यांनी मिरजेत वैद्यकीय शाळा सुरू केली. भारतात मिशनने चालवलेल्या अगदी पहिल्या वैद्यकीय शाळांत तिची गणना होते. येथल्या मातीतल्या मुलांना त्यांनी शरीरशास्त्र, औषधे आणि शस्त्रक्रिया शिकवल्या. १९०० साली कुष्ठरोग्यांसाठी आश्रयस्थान निघाले. ज्यांना घरचे लोकही घराबाहेर काढीत, त्यांच्यासाठी ते घर झाले. पुढे क्षयरोग्यांसाठी सांगली-मिरजेच्या दरम्यान मोकळ्या हवेत आरोग्यधाम उभारले गेले. तीच आजची वानलेसवाडी.

सरकारने त्यांना कैसर-ए-हिंद सुवर्णपदक दिले आणि १९२८ साली सर ही पदवी दिली. त्याच वर्षी, जवळजवळ चाळीस वर्षांच्या सेवेनंतर, ते निवृत्त झाले. ३ मार्च १९३३ रोजी अमेरिकेत त्यांचे निधन झाले. मिरजेचे काम मात्र थांबले नाही. १९६२ साली तेथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय निघाले. मिरजेला आज लोक वैद्यकीची पंढरी म्हणतात, तिचा पाया त्या १८९४ च्या इमारतीत आहे.

त्याच वर्षांत जगात काय चालले होते?

आता मधुमेहाकडे येऊ. हा रोग जुना आहे. आपल्या आयुर्वेदाने त्याला मधुमेह हे नाव दिले. सुमारे हजार वर्षांपूर्वी इब्न सीना यांनी अशा रुग्णांच्या लघवीच्या गोडीची आणि त्यांचे अवयव सडण्याची नोंद केली. पण त्याचे मूळ कोणाला ठाऊक नव्हते.

वानलेस भारतात आले त्याच १८८९ साली स्ट्रासबुर्ग येथे मिंकोव्स्की आणि फॉन मेरिंग या दोघा शास्त्रज्ञांनी एका कुत्र्याचे स्वादुपिंड काढून टाकले. कुत्र्याला मधुमेह झाला. रोगाचे घर सापडले, पण औषध सापडायला आणखी तीस-बत्तीस वर्षे लागली. तोवर पथ्याशिवाय दुसरा उपाय नव्हता. लोकमान्य टिळकांना मधुमेह होता. १९०८ ते १९१४ अशी सहा वर्षे मंडालेच्या तुरुंगात त्यांनी कडक पथ्यावर काढली. प्रौढपणी जडलेला मधुमेह पथ्याने काही काळ आवरता येई. लहान मुलांना तो झाला की आईबापांच्या हाती काही उरत नसे. मूल महिन्यामहिन्याने वाळत जाई आणि एक-दोन वर्षांत दगावे.

१९२१ साली टोरांटो विद्यापीठात डॉ. फ्रेडरिक बँटिंग आणि त्यांचे तरुण सहकारी चार्ल्स बेस्ट यांनी प्राध्यापक मॅक्लाऊड यांच्या प्रयोगशाळेत इन्शुलिन मिळवले. टोरांटो हे वानलेसांच्याच आँटॅरिओ प्रांतातले शहर. ११ जानेवारी १९२२ रोजी मरणाच्या दारी असलेल्या १४ वर्षांच्या मुलाला पहिले इंजेक्शन दिले. ते पुरेसे शुद्ध नव्हते. कॉलिप यांनी ते शुद्ध केले, २३ जानेवारीला पुन्हा दिले, आणि तो मुलगा आणखी तेरा वर्षे जगला. १९२३ साली बँटिंग आणि मॅक्लाऊड यांना नोबेल पारितोषिक मिळाले. बेस्ट, कॉलिप आणि बँटिंग यांच्या शोधाचे हक्क विद्यापीठाला प्रत्येकी केवळ एका डॉलरला देण्यात आले. औषध सर्वांचे राहावे, ही त्यामागची भावना होती.

जे दुखत नाही ते अधिक घातक

इन्शुलिनने मधुमेही जगू लागले. मग वर्षे लोटल्यावर दुसरी संकटे दिसू लागली. डोळ्याचा पडदा बिघडणे, पाय सडणे, हृदयविकार आणि मूत्रपिंड निकामी होणे.

विद्यार्थी मित्रांनो, आपल्या प्रत्येक मूत्रपिंडात सुमारे १० लाख सूक्ष्म गाळण्या असतात. रक्तात साखर आणि रक्तदाब सतत वाढलेले राहिले की या गाळण्या हळूहळू झिजतात. प्रथम लघवीतून अल्ब्युमिन नावाचे प्रथिन झिरपू लागते. या वेळी काहीही दुखत नाही. भूक लागते, झोप लागते, माणूस शेतात किंवा दुकानात काम करत असतो. पाय सुजून धाप लागेपर्यंत बहुतेक गाळण्या गेलेल्या असतात, आणि गेलेली गाळणी परत येत नाही. १९४३ साली हॉलंडमध्ये डॉ. कोल्फ यांनी कृत्रिम मूत्रपिंडाचे यंत्र वापरले, १९५४ साली बोस्टनमध्ये मूत्रपिंडाचे पहिले यशस्वी रोपण झाले. पण आठवड्यातून दोन-तीन वेळा यंत्राला जखडलेल्या घरकर्त्याचे हाल आणि त्या घराचा खर्च ज्यांनी पाहिला आहे, त्यांना अधिक सांगायला नको.

वानलेसांकडे वेदना रुग्णाला घेऊन येत असे. मधुमेहात वेदना येतच नाही. म्हणून तिची वाट पाहणारा उशिरा पोचतो, आणि या रोगात उशिराला क्षमा नाही.

सुदैवाने संशोधनाने मार्ग दाखवला आहे. १९९३ साली अमेरिका-कॅनडातील १,४४१ रुग्णांच्या अभ्यासातून, आणि १९९८ साली ब्रिटनमधील ५,१०२ रुग्णांवर सुरू झालेल्या दीर्घ अभ्यासातून सिद्ध झाले, की साखर नीट आटोक्यात ठेवली तर डोळे व मूत्रपिंडे यांची हानी बरीच टळते. रक्तदाब आटोक्यात ठेवण्याचा फायदाही तितकाच मोठा दिसला. रक्तदाबाच्या काही गोळ्या मूत्रपिंडांना विशेष जपतात. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात एसजीएलटी-२ गटातील गोळीनेही मूत्रपिंडांचा ऱ्हास मंदावल्याचे आढळले. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पाहणीनुसार आपल्या देशात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे. म्हणजे हा प्रश्न दुसऱ्या कुणाचा नाही.

पालकांना विनंती

चाळिशी गाठलेल्या प्रत्येकाने, आणि घरात कुणाला मधुमेह असेल तर त्याआधीच, रक्तातील साखर तपासून घ्यावी. ज्यांना मधुमेह आहे त्यांनी दरवर्षी लघवीतील अल्ब्युमिन, रक्तातील क्रिएटिनिन आणि डोळ्याचा पडदा यांची तपासणी करावी. रक्तदाब वेळोवेळी मोजावा. रोज रात्री तळपाय पाहावेत. सांधे दुखतात म्हणून दुकानातून वेदनाशामक गोळ्या परस्पर आणून महिनोन्महिने घेऊ नयेत, अनोळखी माणसाने दिलेले भस्म घेऊ नये. रमजानपूर्वी डॉक्टरांना भेटून रोजे ठेवावेत की नाही आणि औषधांच्या वेळा कशा बदलाव्यात, हे विचारावे. बरे वाटते म्हणून गोळी किंवा इन्शुलिन मनाने बंद करू नये. घरातल्या बायका सगळ्यांचे औषधपाणी पाहतात आणि स्वतःची तपासणी पुढच्या महिन्यावर टाकतात, ही सवय मोडण्याची जबाबदारी मुलांनी घ्यावी.

विद्यार्थी मित्रांनो, वानलेसांनी १८९७ साली याच मातीतल्या मुलांच्या हाती शस्त्र आणि औषध दिले. आज डॉक्टरांबरोबर परिचारिका, प्रयोगशाळेचे तंत्रज्ञ, डायलिसिस तंत्रज्ञ आणि आहारतज्ज्ञ यांचीही तितकीच गरज आहे. मुलगा असो वा मुलगी, विज्ञानाची वाट धरणाऱ्याला घरातून अडवू नका.

आणि मुलांनो, ही स्मरणिका घरी नेल्यावर एक काम करा. अब्बांना आणि अम्मीला विचारा, शेवटची साखर कधी तपासली होती? उत्तर आठवत नसेल, तर येत्या आठवड्यात त्यांना घेऊन दवाखान्यात जा.