पंडित विष्णु दिगंबर पलुसकर : एका आमंत्रणाची गोष्ट

मिरज म्हटलं की तुम्हाला काय आठवतं? मोठं रेल्वे जंक्शन, दवाखाने आणि सतारमेकर गल्लीत तंबोऱ्यासाठी ठेवलेले भले मोठे भोपळे. घरात गाणं शिकणारं मूल असेल तर गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षाही आठवतील. प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा, विशारद. आपण हौसेने क्लास लावतो, फी भरतो, परीक्षेच्या दिवशी मुलीला नटवून घेऊन जातो. यात काही वावगं आहे असं आज कुणाच्या मनातही येत नाही. पण सव्वाशे वर्षांपूर्वी चांगल्या घरातला मुलगा गाण्यात गेला म्हणजे तो वाया गेला, असंच लोक समजत. मुलीचं तर नावच काढू नका. लोकांचं हे मत बदलावं म्हणून ज्यांनी सगळं आयुष्य खर्ची घातलं, ते पं. विष्णु दिगंबर पलुसकर.

त्यांचा जन्म १८ ऑगस्ट १८७२ रोजी कुरुंदवाड येथे झाला. मूळ आडनाव गाडगीळ. घराणं पलूसचं, म्हणून पलुसकर. वडील दिगंबरबुवा कीर्तनकार होते. हा तपशील जरा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. कीर्तनकाराच्या घरचं मूल काय पाहत मोठं होतं? बुवा गायला उभे राहिले की गाव शांत बसतं. कीर्तन संपलं की लहानथोर पाया पडतात. त्या मुलाच्या मनात गाणं आणि देव वेगळे राहतच नाहीत. हे त्याला कुणी शिकवावं लागत नाही, ते घरातच मुरतं.

लहानपणी दत्तजयंतीच्या उत्सवात दारूकामाचा भडका चेहऱ्याजवळ उडाला आणि विष्णूचे डोळे अधू झाले. उपचारासाठी त्याला मिरजेला डॉ. भडभडे यांच्याकडे आणलं. नजर काही पूर्ववत झाली नाही. पुस्तकी शिक्षणाचा मार्ग जवळजवळ बंद झाला, तेव्हा डॉक्टरांनीच गाणं शिकवण्याचा सल्ला दिला. पालक म्हणून विचार करून पाहा, त्या काळात हा सल्ला ऐकून आईवडिलांना काय वाटलं असेल!

मिरजेत तेव्हा पं. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर होते. ग्वाल्हेरला जाऊन, हालअपेष्टा सोसून त्यांनी ख्यालगायकी मिळवली आणि ती महाराष्ट्रात आणली. त्यांच्यापाशी विष्णूची तालीम सुरू झाली. पहाटेपासून रियाज, गुरुगृहीची कामं आणि उरलेल्या वेळात पुन्हा रियाज. मिरजेच्या राजेसाहेबांचाही या मुलावर लोभ होता. त्यामुळे खाण्यापिण्याची ददात नव्हती.

आता ती आमंत्रणाची गोष्ट. गावात एक जाहीर समारंभ होता. प्रतिष्ठित मंडळींना बोलावणी गेली. राजेसाहेबांची मर्जी म्हणून तरुण विष्णूलाही आमंत्रण आलं. बाळकृष्णबुवांना मात्र नाही. चौकशी केली तेव्हा कळलं की बुवा म्हणजे गवई, त्यांना कशाला बोलवायचं!

वर्गात ही गोष्ट सांगितली की मुलं हमखास विचारतात, सर, त्यांना स्वतःला तर बोलावलं होतं ना, मग राग कशाचा आला? प्रश्न अगदी बरोबर आहे. दुसऱ्या एखाद्या गवयाच्या मुलाने हे निमूट सोसलं असतं, कारण जग असंच असतं हे त्याने लहानपणापासून पाहिलं असतं. विष्णु दिगंबरांनी मात्र वडिलांच्या पाया पडणारा समाज पाहिला होता. कीर्तनात गाणाऱ्याला बुवा म्हणायचं आणि मैफलीत गाणाऱ्याला गवई म्हणून दाराबाहेर ठेवायचं, हे त्यांच्या मनाला पटेना. आणि गंमत बघा, मान देणारी आणि हिणवणारी ही माणसं एकाच गावातली, एकाच संस्कारातली. दरबार, बाईजींच्या बैठका, नशापाणी यांच्याशी ख्यालगाण्याचं नाव जोडलं गेलं होतं आणि देवळाशी कीर्तनाचं. सूर तेच, ताल तेच, पण लोकांची भावना जागेप्रमाणे बदलत होती.

१८९६ साली ते मिरजेतून बाहेर पडले. राजाश्रय सोडला. बडोदा, सौराष्ट्र, ग्वाल्हेर, मथुरा, दिल्ली करत पंजाबपर्यंत गेले. सौराष्ट्रात त्यांनी थोडी फी ठेवून सर्वांसाठी जाहीर मैफल केली. तोवर गाणं व्हायचं ते देवळात नाहीतर दरबारात. मथुरेत ब्रजभाषा शिकले, कारण आपण गातो त्या बंदिशींचा अर्थ गायकाला कळलाच पाहिजे असं त्यांना वाटे. (आपल्यापैकी किती जण कविता अर्थासकट शिकवतो, हे ज्याने त्याने आपल्याशी तपासावं.)

५ मे १९०१ रोजी लाहोरला गांधर्व महाविद्यालय सुरू झालं. राजाच्या खजिन्यावर नाही, लोकांच्या मदतीवर. वर्ग, वेळापत्रक, अभ्यासक्रम, परीक्षा, सगळं शाळेसारखं. शिष्यांना घरी ठेवून घेत, करार करून गाण्याचे शिक्षक तयार करत. स्वतःची स्वरलेखन पद्धती बसवली. मुलांसाठी संगीत बालप्रकाश ही पुस्तकं काढली. घरंदाज घरांतली मुलं हळूहळू गाणं शिकायला येऊ लागली. १९०८ मध्ये मुंबईत शाखा निघाली.

इथे मला एक गोष्ट खटकते, तीही सांगतो. संस्कारी घरांत गाणं शिरावं म्हणून त्यांनी बंदिशींमधले शृंगाराचे शब्द काढून भक्तीचे घातले. त्यांच्या जागी तसं करणं समजण्यासारखं आहे. पण प्रतिष्ठेचं माप मात्र त्यांनी त्याच समाजाकडून उचललं, ज्याने त्यांच्या गुरूंना वगळलं होतं. पिढ्यान् पिढ्या हे गाणं सांभाळणाऱ्या बाईजींना आणि उस्तादांना त्या नव्या मापात फारशी जागा उरली नाही. कीर्तनकाराच्या घराने त्यांना बळ दिलं आणि मर्यादाही दिली. योगायोग असा की त्याच १८७२ साली उत्तरेत कैराना गावी अब्दुल करीम खाँ जन्मले. पुढे ते मिरजेतच स्थायिक झाले आणि ख्वाजा मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारात त्यांना चिरविश्रांती मिळाली. त्यांच्या घराण्यात गाणं वाडवडिलांपासून चालत आलेलं. एक जण देवळाच्या वाटेने आला, एक दर्ग्याच्या सावलीत विसावला. मिरजेने दोघांनाही सामावून घेतलं.

मुंबईची इमारत कर्जावर उभी होती. कर्ज फेडायला बुवा गावोगाव मैफली करत हिंडले, पण १९२४ मध्ये ते दौऱ्यावर असतानाच सावकारांनी जप्ती आणून इमारतीचा लिलाव केला. घरातही दुःख कमी नव्हतं. बहुतेक अपत्यं लहानपणीच गेली होती. उत्तरायुष्यात ते रामनामाकडे वळले, नाशिकला आश्रम काढला, रामायणावर प्रवचनं करू लागले. म्हणजे हिंडून फिरून वडिलांच्याच वाटेवर आले. काही शिष्यांना हे आवडलं नाही. मला मात्र यात नवल वाटत नाही. थकलेला माणूस शेवटी ओळखीच्या सुरापाशीच जातो.

२१ ऑगस्ट १९३१ रोजी त्यांचं निधन झालं, तेही मिरजेतच. मुलगा दत्तात्रेय तेव्हा दहा वर्षांचा होता. हेच पुढचे प्रसिद्ध गायक द. वि. पलुसकर. त्यांना विनायकबुवा पटवर्धन आणि नारायणराव व्यास या वडिलांच्या शिष्यांनीच शिकवलं. विनायकबुवा मूळचे मिरजेचेच आणि प्रा. बी. आर. देवधरही. शिष्य एकत्र आले आणि त्याच वर्षी गांधर्व महाविद्यालय मंडळ उभं राहिलं. त्याच्या परीक्षांचा कारभार बरीच वर्षं मिरजेतून चालत आला.

या वेळी मुलीचा परीक्षेचा फॉर्म भराल तेव्हा वर छापलेलं मंडळाचं नाव तिला दाखवा आणि बाळकृष्णबुवांना न आलेल्या त्या आमंत्रणाची गोष्ट सांगा. राग कशाचा आला, हे तिलाच विचारा.