नांगरवाल्या लक्ष्मणरावांची माणसं

शेतकरी बंधूंनो, सालगडी नीट काम करीना, की आपण काय करतो? दोन शिव्या हासडायच्या नि पाडव्याला गडी बदलायचा. ग्रामपंचायतीचा शिपाई तर बदलताही येत नाही, म्हणून सरपंच-ग्रामसेवकांची नुसती चिडचिड. अशा वेळी लोखंडी नांगरवाल्या लक्ष्मणराव किर्लोस्करांची हकिगत आठवावी.

लक्ष्मणरावांचा जन्म १८६९ सालचा, बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचा. चित्रकार व्हायला मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत गेले, पण काही रंगच ओळखू येईनात. म्हणजे पहिल्या कामात हा माणूस नापासच म्हणायचा! यंत्रांच्या रेखाटनावर मात्र हात बसला आणि त्याच बळावर मुंबईतच व्हिक्टोरिया ज्युबिली तांत्रिक संस्थेत शिक्षक झाले. तिथं हक्काची बढती दुसऱ्याला दिली गेली, तशी त्यांनी नोकरी सोडली. मग बेळगावात सायकलीचं दुकान, कडबा कापायचं यंत्र आणि पुढं नांगर. लोखंडानं जमीन विषारी होते असा तेव्हा समज. पहिला नांगर खपायला दोन वर्षं लागली.

१९१० साली औंधच्या राजेसाहेबांनी कुंडल रोड स्टेशनजवळ माळरान दिलं. निवडुंग आणि साप, दुसरं काही नाही. तिथं लक्ष्मणरावांनी माणसं कशी लावली, ते बघा. अनंतराव फळणीकर शाळा अर्धवट सोडलेले. त्यांना यंत्रात घातलं, ते नामी इंजिनिअर झाले. के. के. कुलकर्णींनाही हाताशी धरलं. आणि रात्रीची राखण? दरोड्याची शिक्षा झालेल्या तुकाराम आणि पिऱ्या यांच्याकडं! ज्यांना कुणी दारात उभं करत नव्हतं, तेच वाडीचे विश्वासू पहारेकरी झाले.

आता तुमचा गडी बघा. औताला तास वाकडं काढतो, पण मोटार बिघडली की कान देऊन ऐकतो. त्याला औताला जुंपून रोज ओरडण्यापेक्षा पाण्याची दारं धरायला द्या की! सगळेच असे नसतात, हेही खरं. काही निव्वळ अंगचोर असतात. पण त्यांनाही चावडीवर चारचौघांत नव्हे, बांधावर बाजूला घेऊन नेमकं काय चुकलं ते सांगावं, आणि एक हंगाम बघावं.

लक्ष्मणराव १९५६ साली वारले. कुंडल रोड स्टेशनचं नावही पुढं किर्लोस्करवाडी झालं.